अग्निशमन दलाचे ‘आधुनिकीकरण’ : खरेदीचा उत्सव, देखभालीचा दुष्काळ

दरवर्षी १४ एप्रिलला देशभरच्या अग्निशमन केंद्रांत मानवंदना दिली जाते, पुष्पचक्रे वाहिली जातात. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज पेटले. दारूगोळा आणि कापसाच्या गाठी एकाच जहाजात लादणारा युद्धकालीन साम्राज्यशाही कारभार त्या अनर्थाच्या मुळाशी होता. त्याची किंमत मोजली ती गोदी कामगारांनी, आसपासच्या वस्त्यांनी आणि आगीशी झुंजताना प्राण गमावलेल्या ६६ अग्निशमन जवानांनी. त्यांच्या स्मरणार्थ अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. आणि त्या सप्ताहातील भाषणांत मंत्री, महापौर व आयुक्त ज्या शब्दाचा मुक्तहस्ते वापर करतात तो शब्द म्हणजे ‘आधुनिकीकरण’.

या शब्दाचा सत्ताधाऱ्यांना अभिप्रेत असलेला अर्थ एकदा तपासून पाहिला पाहिजे. जुलै २०२३ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने राज्यांतील अग्निशमन सेवांच्या ‘विस्तार व आधुनिकीकरणा’ची ६,४०० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार त्यातील ५,००० कोटी केंद्राच्या वाट्याचे. राज्यांनी आपल्या प्रकल्पांत २५ टक्के भर घालावी, ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांनी १० टक्के, अशी अट. ५०० कोटी रुपये तर कायदे व यंत्रणा ‘सुधारणाऱ्या’ राज्यांना बक्षिसादाखल बाजूला काढलेले! एवढ्या मोठ्या देशाला, पाच वर्षांसाठी, ही रक्कम तुटपुंजी आहे हे तर खरेच. परंतु क्षणभर असे धरून चालू की ती दुप्पट झाली. तरीही एक प्रश्न उरतोच. या पैशातून येणारा नवा कोरा बंब पाचव्या, आठव्या, बाराव्या वर्षी पाणी फेकण्याच्या स्थितीत कोण ठेवणार? त्याचा नित्याचा खर्च राज्याच्या माथी, आणि महाराष्ट्रासारख्या राज्यांत राज्याकडून तो नगरपालिकेच्या माथी. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत जी अठरा कामे नगरपालिकांच्या पदरात टाकली त्यांत अग्निशमन सातवे आहे. काम पदरात पडले, पैसा पडला नाही. जकात गेली, वस्तू व सेवा कर आला, आणि नगरपालिका भरपाईच्या हप्त्यांकडे डोळे लावून बसल्या. अशा नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात सर्वांत आधी कात्री कशावर चालते? पगारावर चालवली तर संप होईल, नव्या खरेदीवर चालवली तर पुढारी नाराज होईल. म्हणून ती चालते दुरुस्ती व देखभालीच्या रकमेवर. गंजणारी टाकी मोर्चा काढीत नाही.

बंब निकामी कसा होतो

अग्निशमन वाहन म्हणजे लाल रंगाचा मालमोटार-टँकर नव्हे. ही गोष्ट साधी आहे, परंतु महापालिकांच्या वाहन विभागांना ती अजून उमगलेली दिसत नाही. मालवाहू गाडीची झीज किलोमीटरवर मोजता येते. बंब वर्षाकाठी फार तर काही हजार किलोमीटर धावतो. मात्र आगीच्या जागी उभा राहून त्याचे इंजिन तासन् तास पंप फिरवीत असते. त्या तासांची नोंद अंतरमापकावर उमटत नाही. त्यामुळे कागदावर ‘कमी वापरलेली’ गाडी प्रत्यक्षात थकलेली असू शकते, आणि तेलबदलाची तारीख अंतरमापक पाहून ठरवणारा कारकून तिचे इंजिन नकळत खलास करीत असतो.

दुसरे, बंब रिकामा कधीच उभा नसतो. टाकीत चार-पाच हजार लिटर पाणी म्हणजे चार-पाच टन वजन, अहोरात्र, पाट्यांच्या स्प्रिंगांवर आणि टायरांवर. न धावताही टायर म्हातारे होतात. टाकीच्या आतून गंज चढतो, त्याचे पापुद्रे सुटून गाळणीत आणि पंपाच्या पंख्यात अडकतात. गटाराचे, तळ्याचे किंवा समुद्राचे पाणी ओढून आग विझवली तर परतल्यावर पंप गोड्या पाण्याने धुतलाच पाहिजे. फेस तयार करणारे द्रावण वापरले तरीही तेच. हे झाले नाही तर पंप आतून खात जातो. हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकांत गळती असेल तर घंटा वाजल्यानंतर हवा भरेपर्यंत गाडी केंद्रातच घरघरत उभी राहते. शहरात पाच ते सात मिनिटांत पोहोचले पाहिजे असा ज्या सेवेचा दंडक, तिची दोन मिनिटे एका झिजलेल्या झडपेत जातात.

उघड्या पाण्यातून पाणी ओढण्याचा पंप तर निव्वळ हवाबंदपणावर चालतो. वातावरणाच्या दाबामुळे व्यवहारात सात मीटरांच्या आसपासच्या खोलीवरून पाणी वर येते, तेही शोषण-पाइपाच्या जोडांतून हवा शिरत नसेल तर. त्या जोडातील रबरी वायसरची किंमत काही रुपये. तो चिरला की लक्षावधी रुपयांचा पंप कोरडाच फिरतो. यासाठी निर्वात चाचणी असते : सारी तोंडे बंद करायची, प्रायमरने हवा ओढायची, इंजिन थांबवायचे आणि मापकाचा काटा किती झपाट्याने घसरतो ते पाहायचे. दहा मिनिटांचे काम. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात शिकून आलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याला ते ठाऊक असते. पण काटा घसरला तर पुढे काय, हे त्याच्या हाती नसते. वायसर भांडारात नाही, मागणीपत्र लेखा विभागात, लेखा विभागात तरतूद नाही.

पाइपांची कथा याहून निराळी नाही. वापरलेला होज पाइप धुवायचा, उभा टांगून पुरता सुकवायचा, मगच गुंडाळायचा. जुन्या अग्निशमन केंद्रांत त्यासाठी मुद्दाम उंच मनोरा बांधलेला असे. ओला पाइप गुंडाळून ठेवला की विणीला बुरशी लागते, आतले रबरी अस्तर सुटते, आणि ऐन दाबाखाली तो फुटतो. फुटतो तेव्हा टोकाला ब्रँच धरून आत शिरलेला माणूस असतो. धुरात उतरणाऱ्या जवानाच्या पाठीवरचे श्वसनयंत्र याहून नाजूक : सिलिंडरची ठरावीक मुदतीने जलदाब चाचणी, मुखवट्याच्या कडांची तपासणी, हवा संपत आल्याची सूचना देणारी शिट्टी वाजते की नाही याची खातरजमा, हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरची गाळणी वेळच्या वेळी बदलणे. यांपैकी एकाही गोष्टीची फीत कापता येत नाही.

पंधरा वर्षांची कुऱ्हाड

देखभालीअभावी यंत्र मोडकळीस आणायचे, नंतर ते ‘जुने’ ठरवून भंगारात काढायचे आणि त्या जागी नवे घेण्याची निविदा काढायची, हे चक्र फार पूर्वीपासून फिरते आहे. जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेने रस्ते वाहतूक मंत्रालयाने त्याला कायद्याचे बळ दिले. १ एप्रिल २०२३ पासून केंद्र, राज्ये, महापालिका व सार्वजनिक उपक्रम यांच्या मालकीच्या पंधरा वर्षांवरील वाहनांची नोंदणी नूतनीकरणास अपात्र ठरली. अपवाद कोणाला? देशाचे संरक्षण, कायदा व सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षा यांसाठी वापरल्या जाणाऱ्या चिलखती व अन्य विशेष वाहनांना. अग्निशमन वाहनाचे नाव या अपवादात घेण्यात आले नाही. जमावाला पांगवणारी गाडी राष्ट्राला अत्यावश्यक आणि जमावाला वाचवणारी गाडी भंगार, हा क्रम अधिसूचना लिहिणाऱ्याच्या मनात असेल वा नसेल, कागदावर तो उतरला आहे.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. या नियमाविरुद्ध बोलताना काही मंडळी सरसकट सूट मागतात, जणू पंचवीस वर्षांचा कोणताही बंब म्हणजे ऐतिहासिक ठेवाच. ही मागणी चुकीची आहे. ब्रेक न लागणाऱ्या, धूर ओकणाऱ्या गाडीत बसून भरधाव जाणारे जवान हेच तिचे पहिले बळी असतात. वयाचा आकडा हा निकष नव्हे. इंजिनाचे तास, पंपाची चाचणी, चौकटीची व टाकीची अवस्था हे निकष आहेत. सात वर्षांत मेलेल्या बंबाला नियम आणखी आठ वर्षे ‘तरुण’ समजतो आणि नीट राखलेल्या सोळा वर्षांच्या बंबाला फाशी देतो. लहान नगर परिषदेकडे पुष्कळदा एकच बंब असतो. त्याची नोंदणी संपली आणि नवा आला नाही, तर मधल्या काळात तालुक्यातील कडब्याच्या गंजींनी आणि जिनिंग कारखान्यांनी पेटण्याचे थांबावे काय?

गृहमंत्रालयाने २०१२ च्या सुमारास एका सल्लागार कंपनीकडून देशभरची पाहणी करून घेतली होती. गरजेच्या मानाने अग्निशमन केंद्रे सुमारे ९७ टक्के कमी, मनुष्यबळ ९६ टक्के कमी, वाहने ८० टक्के कमी, असा तिचा निष्कर्ष. हे आकडे संसदेत वारंवार उद्धृत झाले. त्यांतील वाहनांची तूट मनुष्यबळापेक्षा कमी का दिसते, याचा विचार मात्र फारसा झाला नाही. गाडी एका सहीने विकत घेता येते. माणसाला पद मंजूर करावे लागते, वेतन द्यावे लागते, निवृत्तिवेतन द्यावे लागते. राज्यकर्त्यांना माणसाविना बंब हवा आहे.

‘वार्षिक देखभाल करार’ नावाची पळवाट

यावर तयार उत्तर असे की, स्वतःचे वर्कशॉप बाळगण्याचे दिवस गेले. देखभाल कंत्राटदाराकडे सोपवावी, तो कार्यक्षम असतो. प्रत्यक्षात काय घडते ते पाहावे. बंबाचा सांगाडा एका मोटार कंपनीचा. त्यावर टाकी व कप्पे बांधणारा दुसरा. पंप तिसऱ्याचा. शिडी असेल तर ती बहुधा युरोपातली. प्रत्येकाचा करार वेगळा, प्रत्येकाची हमीची मुदत वेगळी. पंपाला फिरवणारा दांडा थरथरू लागला की मोटार कंपनीचा विक्रेता पंपवाल्याकडे बोट दाखवतो, पंपवाला टाकी बांधणाऱ्याकडे, आणि गाडी त्यांच्यापैकी एकाच्या आवारात उन्हात उभी राहते. कंत्राटदाराला पैसे वर्षाचे मिळतात. आग किती विझल्या, गाडी किती तास सज्ज होती, याच्याशी त्या रकमेचा संबंध नसतो. शिवाय निविदा सर्वांत कमी बोली लावणाऱ्याला! तो ही बोली भरून काढतो सुट्या भागांतून आणि यांत्रिकाच्या मजुरीतून.

यंत्र कंत्राटी झाले तसा यंत्रावरचा माणूसही कंत्राटी होत आहे. मुंबईत ज्याला यंत्रचालक म्हणतात तो केवळ गाडी हाकणारा नसतो. पंपाच्या आवाजावरून दाब ओळखणारा, कोणता व्हॉल्व्ह हलक्या हाताने फिरवायचा हे जाणणारा तो कारागीर असतो. ही विद्या एकाच गाडीबरोबर वर्षानुवर्षे काढल्याने येते. अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर आलेला तरुण कितीही मेहनती असला तरी त्याला गाडीची ओळख पटेपर्यंत त्याची मुदत संपते. आणि गाडी बिघडली तर दोष कोणाचा? त्याचाच, कारण नोंदवहीत शेवटची सही त्याची असते.

हा रोग गरीब देशांपुरता आहे असे कोणी समजू नये. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिस शहराच्या पॅसिफिक पॅलिसेड्स भागात वणवा शिरला तेव्हा त्या शहराच्या अग्निशमन दलाची शंभराहून अधिक वाहने दुरुस्तीच्या प्रतीक्षेत उभी होती. यांत्रिकांची पदे कापल्यामुळे ती रस्त्यावर आणता आली नाहीत, असे दलाच्या तत्कालीन प्रमुखांनीच जाहीरपणे सांगितले. जगातील सर्वांत श्रीमंत देशाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या शहरात बंब होते, माणसेही होती. पाना हातात घेणारे हात काढून टाकले होते.

उलट दिशेचे उदाहरण ब्रिटनचे, आणि ते मोठे बोलके आहे. तेथे १९५३ ते १९५६ या काळात अणुयुद्धाच्या भीतीने सरकारने ‘ग्रीन गॉडेस’ या हिरव्या बंबांचा मोठा ताफा बांधून घेतला. अणुयुद्ध झाले नाही. ताफा गोदामांत जपून ठेवण्यात आला. १९७७ च्या नोव्हेंबरात ब्रिटिश अग्निशमन कामगारांनी वेतनवाढीसाठी देशव्यापी संप पुकारला तेव्हा मजूर पक्षाच्या सरकारने सैनिकांच्या हाती दिले ते हेच बंब. २००२ च्या संपातही तेच बाहेर निघाले, तेव्हा त्यांचे वय पन्नाशीला टेकले होते. धिमे होते, अवजड होते, परंतु सुरू झाले आणि पाणी फेकू लागले. तात्पर्य, यंत्र अर्धशतक राखण्याची विद्या भांडवली राज्यसंस्थेला अवगत आहे. संप मोडायचा असेल तेव्हा तिला ती आठवते.

शिडी कोणाच्या उंचीची?

आधुनिकीकरणाची दिशा कोण ठरवतो हा प्रश्नही टाळता येणार नाही. मुंबईने फिनलंडमध्ये बनलेली, ९० मीटरपर्यंत पोहोचणारी शिडी घेतली. पुढे बंगळुरूतही तशीच आली. उंच इमारतींत माणसे राहतात, त्यांनाही वाचवले पाहिजे, याविषयी वाद नाही. पण मुंबईतील सर्वांत उंच निवासी मनोरे २५० मीटरच्या पलीकडे गेले आहेत. तेथे कोणतीही शिडी पुरी पडणार नाही. तेथील रहिवाशाचा जीव इमारतीच्या स्वतःच्या पाण्याच्या उभ्या नळावर, पंपावर आणि मोकळ्या ठेवलेल्या जिन्यावर अवलंबून, म्हणजे बिल्डरने बसवलेल्या आणि सोसायटीने राखलेल्या, अथवा न राखलेल्या, यंत्रणेवर. अवजड शिडीला पाय रोवायला ऐसपैस जागा लागते, वळायला रुंद रस्ता लागतो.

९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवासात लागलेल्या आगीने मुंबई अग्निशमन दलाच्या चार अधिकाऱ्यांचा बळी घेतला. त्यांत दलाचे तेव्हाचे प्रमुख सुनील नेसरीकर होते. ती इमारत गगनचुंबी नव्हती. दाट वस्तीतील जुनी चाळवजा इमारत होती. दिल्लीच्या अनाज मंडीत ८ डिसेंबर २०१९ रोजी ४३ कामगार गुदमरून आणि होरपळून मेले, ते अशा गल्लीत जेथे मोठा बंब शिरू शकत नव्हता. अशा वस्त्यांना आखूड सांगाड्याचे छोटे बंब, हाताने नेता येणारे पंप, जागोजागी चालू स्थितीतील पाण्याचे हायड्रंट आणि भरलेली श्वसनयंत्रे हवीत. त्यांची छायाचित्रे भव्य येत नाहीत. सुरतेत २४ मे २०१९ रोजी तक्षशिला इमारतीतील शिकवणी वर्गात २२ विद्यार्थी दगावले. इमारत अवघी चार मजली, तरी दलाची शिडी वेळेवर वरपर्यंत पोहोचली नाही, असा आक्षेप तेव्हा सर्वत्र घेतला गेला. अग्निशमन अधिकारी निलंबित झाले. कोणत्या केंद्राला कोणती शिडी द्यायची आणि ती चालू ठेवायला किती पैसा द्यायचा हे ठरवणाऱ्यांपर्यंत निलंबनाचा कागद पोहोचला नाही.

संघटनांपुढील काम

अग्निशमन कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी रिक्त पदे, जोखीम भत्ता, कामाचे तास यांवर लढे दिले आहेत आणि ते रास्त आहेत. परंतु वाहन व साधने ही ‘व्यवस्थापनाची बाब’ समजून त्यांकडे पाठ फिरवण्याची सवयही काही ठिकाणी जडली आहे. गिरणी कामगाराला सदोष यंत्रावर उभे करणे हा जसा मालकाचा गुन्हा, तसाच चाचणी न झालेला सिलिंडर जवानाच्या पाठीवर बांधणे हा महापालिकेचा गुन्हा. तो कामगार चळवळीचाच प्रश्न आहे. चाचणीत नापास झालेले साधन वापरण्यास नकार देण्याचा हक्क लेखी मिळाला पाहिजे, आणि तो बजावणाऱ्यावर कारवाई होणार नाही याची हमीही.

दुसरी गोष्ट नागरिकांच्या आवाक्यातील. प्रत्येक बंबाची नोंदवही, दुरुस्तीची बिले, देखभाल करार, यांत्रिकांची मंजूर आणि भरलेली पदे ही सारी सार्वजनिक कागदपत्रे आहेत. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली ती मागता येतात. इमारतींना परवानगी देताना अग्निशमनाच्या नावाने वसूल होणाऱ्या शुल्कातील किती रुपये वर्कशॉपकडे गेले, हेही विचारता येते. नगरसेवकांनी अंदाजपत्रकाच्या वेळी नव्या खरेदीच्या प्रत्येक प्रस्तावामागे पुढील दहा वर्षांच्या देखभालीची वेगळी, अन्यत्र वळवता न येणारी तरतूद मागावी. तरतूद नसेल तर प्रस्तावाला विरोध करावा, मग गाडी कितीही चकचकीत असो. असा विरोध केला की ‘हे लोक आगीच्या बंबालाही विरोध करतात’ अशी हाकाटी वृत्तपत्रांतून होईल. होऊ द्यावी, उत्तर द्यायला आकडे हाताशी असले म्हणजे झाले.

आणि प्रत्येक केंद्रात दर आठवड्याला निर्वात चाचणी घेऊन काटा किती घसरला तो आकडा, पंपाचे एकूण तास आणि चालू श्वसनयंत्रांची संख्या, केंद्राच्या दारावरील फळ्यावर खडूने लिहावी. यासाठी ना निविदा लागते, ना केंद्राचे अनुदान.